आयर्लंडच्या गावाकडे राहताय? मग आपल्या टाउनलँडच्या जुन्या गोष्टी अशा शोधा

आयर्लंडमध्ये शहराबाहेर घर घेतलं की पत्त्यात एक असं नाव येतं ज्याचा रस्त्यावर बोर्ड नसतो, दुकान नसतं, बसस्टॉप नसतो, आणि तरी शेजारपाजारचा प्रत्येक माणूस ते नाव हद्दीसकट ओळखतो. ते तुमचं टाउनलँड. नावात टाउन आहे पण शहराशी काही संबंध नाही, हा जमिनीचा तुकडा आहे, सरासरी सव्वातीनशे एकरांचा, कधी त्यात दहा घरं, कधी दोन, कधी नुसता बॉग म्हणजे दलदल आणि मेंढ्या. असे ६० हजारांवर तुकडे मिळून अख्खं बेट होतं. २०१५ मध्ये एअरकोड, म्हणजे इथला पिनकोड, आला तोपर्यंत गावाकडचा पत्ता म्हणजे माणसाचं नाव, टाउनलँड आणि जवळचं पोस्ट एवढंच, आणि एकाच आडनावाची चार घरं असली तर सगळा भरवसा पोस्टमनच्या डोक्यावर.

लिहायला बसले कारण डब्लिनची भाडी परवडेनात म्हणून आपली बरीच मंडळी एनिस, नीना असल्या ठिकाणी आणि त्याच्याही आत राहायला गेलीत, मुलं तिथल्या छोट्या प्रायमरी शाळेत जातात आणि कधी ना कधी 'आपला परिसर' असला प्रोजेक्ट घरी येतोच. मग आईबाबा गुगल करतात, लेप्रिकॉन नावाचा हिरव्या कपड्यांतला बुटका आणि सोन्याचा हंडा निघतो, तो चार्टवर चिकटवून सगळे मोकळे. आणि दोन शेतं पलीकडे ८५ वर्षांचे आजोबा बसलेले असतात ज्यांना प्रत्येक बांधाची गोष्ट माहितीये, त्यांना कोणी विचारतच नाही. मी पूर्व क्लेअरमध्ये राहते त्यामुळे उदाहरणं तिकडची देईन, पण पद्धत कुठल्याही काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, चालते.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, बाकी सगळं यावर उभं आहे. गोष्ट विचारू नका, जागा विचारा. "तुमच्याकडे भुताखेतांच्या, परीबिरींच्या गोष्टी आहेत का?" असं विचारलंत की समोरचा हसतो, हे सगळं टुरिस्ट लोकांसाठी असतं म्हणतो, विषय संपला. तेच "तुमच्या वरच्या शेतात मधोमध ते काटेरी झाड एकटंच का ठेवलंय, ट्रॅक्टरला अडचण नाही होत?" असं विचारा, बघा कसा चहा पुन्हा चुलीवर चढतो. इथल्या गोष्टी पुस्तकासारख्या 'एकदा काय झालं' करून डोक्यात नसतात, त्या विहिरीला, फाटकाला, वळणाला बांधलेल्या असतात. म्हणून आधी जागा माहीत हव्यात, म्हणून आधी कागद, मग दार वाजवणं. उलटं केलंत तर पहिली भेट वाया जाते.

आधी नाव आणि नकाशा

लॉगेनम डॉट आयई (स्पेलिंग एल, ओ, जी, ए, आय, एन, एम) ही सरकारी जागानावांची साईट आहे, फुकट आहे. तुमचं टाउनलँड तिथे टाका, काउंटी, बॅरनी, सिव्हिल पॅरिश हे सगळे जुने विभाग लिहून घ्या कारण एकाच नावाची टाउनलँड्स ढीगभर आहेत आणि पुढे प्रत्येक रेकॉर्डमध्ये हीच ओळख लागते. नावाचा अर्थ मनाने लावू नका. किल ने सुरू होणारं नाव चर्चवरून असू शकतं किंवा जंगलावरून, इंग्रजी स्पेलिंगवरून कळत नाही, साईटवर आयरिश रूप आणि जुन्या कागदांमधली स्पेलिंगं दिलेली असतात ती बघा. लिस किंवा रॅथ दिसलं तर मात्र कान टवकारा, तिथे जुना गोल किल्ला आहे किंवा होता.

ही स्पेलिंगं कुठून आली त्याचीही मजा आहे. १८२४ मध्ये ब्रिटिशांनी कर बसवण्यासाठी आख्ख्या आयर्लंडचा सर्व्हे काढला, एका मैलाला सहा इंच या मापाने, आणि १८४६ पर्यंत सगळं बेट कागदावर आलं. नावं कशी लिहायची हे ठरवायला जॉन ओ'डोनोव्हन नावाचा आयरिश जाणणारा माणूस गावोगाव म्हाताऱ्यांना विचारत फिरला, आणि फिरताना ऑफिसला पत्रं पाठवत राहिला, त्यात विहिरी, पडकी चर्चं, दंतकथा, पावसाबद्दलची कुरकुर सगळं आहे. क्लेअरची पत्रं १८३९ ची आहेत, त्यात यूजीन ओ'करी पण होता जो स्वतः क्लेअरचाच. क्लेअर काउंटी लायब्ररीने ती साईटवर टाकलीत, पॅरिशप्रमाणे वाचता येतात. दुसऱ्या काउंटीवाल्यांनी आपापल्या लायब्ररीच्या लोकल स्टडीज विभागात विचारा, तिथली माणसं अशा प्रश्नांची वाटच बघत असतात.

आता नकाशा. नॅशनल मॉन्युमेंट्स सर्व्हिसचा हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट व्ह्यूअर उघडा, आपल्या भागावर झूम करा, लाल ठिपके दिसतील. प्रत्येक ठिपका म्हणजे नोंदलेली जुनी जागा, रिंगफोर्ट, पवित्र विहीर, चुन्याची भट्टी, लहान मुलांचं जुनं दफनस्थान, काहीही. रिंगफोर्ट म्हणजे साधारण इसवी सन ५०० ते १००० च्या काळातली मातीच्या किंवा दगडाच्या गोल तटबंदीतली शेतकऱ्यांची वस्ती, देशभरात सुमारे ४५ हजार आहेत म्हणजे चालत जाण्याच्या अंतरावर एखादा सापडणारच. लोक त्यांना फेअरी फोर्ट म्हणतात आणि अर्ध्याअधिक गोष्टी तिथेच अडकलेल्या असतात.

मग १८४० च्या आसपासचा सहा इंची नकाशा आणि १८९० च्या दशकाच्या आसपासचा पंचवीस इंची नकाशा दोन्ही शेजारी लावा आणि काळे ठिपके, म्हणजे घरं, मोजा. पहिल्यात एखाद्या वळणावर आठदहा घरांचा झुबका असतो, दुसऱ्यात तिथे मोकळं शेत. मध्ये १८४५ ते १८५२ चा बटाट्याचा दुष्काळ होऊन गेलेला. एकट्या क्लेअरची लोकसंख्या १८४१ मध्ये २ लाख ८६ हजार होती ती १८५१ मध्ये २ लाख १२ हजार झाली, आणि १८५१ च्या छापील जनगणनेत प्रत्येक टाउनलँडचे दोन्ही वर्षांचे आकडे दिलेत, आपल्या टाउनलँडचे काढून बघाच. तो मोकळा कोपरा लक्षात ठेवा, तो प्रश्न विचारायचाय पण पहिल्या भेटीत नाही.

माणसांची नावं

१९०१ आणि १९११ ची जनगणना नॅशनल अर्काइव्ह्जच्या साईटवर फुकट, घराघराचा मूळ फॉर्म स्कॅन करून ठेवलाय. नुसती नावं बघून बंद करू नका, त्या घराला जोडलेले बाकीचे फॉर्मही उघडा. एकात भिंती मातीच्या की दगडाच्या, छप्पर गवताचं की स्लेटचं, समोर खिडक्या किती, खोल्या किती आणि त्यात माणसं किती. दुसऱ्यात गोठा, डुकरांचं खुराडं, कोंबड्यांचं खुराडं, टर्फ म्हणजे बॉगमधलं जळण ठेवायची शेड. १९११ मध्ये बायकांना लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली आणि त्यातली जिवंत किती हे विचारलंय, तो रकाना वाचताना जरा जड जातं. आयरिश बोलता येतं का तेही असतं, आजीला येतं आणि नातवंडांना येत नाही हे एका पानावर दिसतं.

एक गंमत, १९०१ मध्ये ५६ वर्षांचा असलेला माणूस १९११ मध्ये सरळ ७१ चा होतो. चूक नाहीये ती. १९०९ च्या १ जानेवारीपासून ७० च्या पुढच्यांना पेन्शन सुरू झाली आणि जन्माची सरकारी नोंद तर १८६४ पासूनची, म्हणजे म्हाताऱ्यांकडे दाखला कुठला असणार. मग ६ जानेवारी १८३९ च्या रात्रीचं ते भयानक वादळ, ज्याला सगळे 'मोठ्या वाऱ्याची रात्र' म्हणतात, ते आठवतंय का असं विचारून वय ठरवायचे. सगळ्यांनाच आठवायला लागलं हे सांगायला नको.

त्याआधीच्या जनगणनेचे घराघराचे फॉर्म शोधत बसू नका, काही सरकारनेच नष्ट केले आणि बरेचसे १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्सच्या आगीत गेले. मधली पोकळी ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन या जमीन-घरांच्या किमतींच्या नोंदीने भरायची, १८४७ ते १८६४, आस्क अबाउट आयर्लंड साईटवर फुकट, कोण कोणाच्या जमिनीवर किती एकर कसत होता, घराची किंमत किती लावली. त्यात 'हाऊस, ऑफिसेस अँड लँड' लिहिलेलं दिसेल तर ऑफिस म्हणजे गोठा आणि शेड हं, कोणी तिथे फाईली घेऊन बसलेलं नव्हतं.

शाळेच्या वह्या, म्हणजे खरा खजिना

माझ्या मते आख्ख्या युरोपात इतकी भारी गोष्ट क्वचितच कोणी केली असेल. १९३५ मध्ये आयरिश फोकलोर कमिशन सुरू झालं, माणसं कमी आणि देशभरचे म्हातारे भराभर जाताहेत, तर त्यांनी डोकं लढवलं, १९३७ पासून पाचवी-सहावीच्या पोरांना कामाला लावलं. घरी जा, आजीआजोबांना, शेजाऱ्यांना विचारा, वहीत लिहून आणा. ५ हजारांवर शाळा, २६ काउंटी, जवळपास ७ लाख ४० हजार पानं जमली. आज सगळं डूखस डॉट आयई वर आहे, स्पेलिंग डी, यू, सी, एच, ए, एस. नॉर्दर्न आयर्लंडच्या सहा काउंटी यात नाहीत, तिकडे राहणाऱ्यांनी हद्दीलगतच्या शाळा बघाव्यात, गोष्टींना बॉर्डर कळत नाही.

पान उघडलं की पोराच्या गोल वळणदार अक्षरात मजकूर आणि बऱ्याचदा शेवटी एक ओळ, हे मला अमक्याने सांगितलं, राहणार अमकं टाउनलँड, वय ७८. ती ओळ सोन्याची. १९३८ मध्ये ७८ म्हणजे जन्म १८६० चा, म्हणजे त्याचे आईबाप दुष्काळ बघितलेले. आता हेच नाव १९११ च्या जनगणनेत टाका, घर सापडेल, खिडक्या किती ते कळेल. मग ते घर पंचवीस इंची नकाशावर शोधा. मग आज तिथे जाऊन उभे राहा, कदाचित नुसती एक चिमणीची भिंत उभी असेल आणि आत एल्डरचं झाड. तीन साईट आणि एक चालणं, आणि तुमच्याकडे असं काहीतरी असतं जे शेजाऱ्यालाही माहीत नसतं, दार वाजवायला याहून चांगलं निमित्त नाही.

शोधताना फक्त तुमचं टाउनलँड टाकून थांबू नका कारण पोरांनी स्पेलिंग कानाने ऐकून लिहिलंय. शाळेवरून जा, तुमच्या घरापासून चालत जाण्यासारख्या तीनचार जुन्या शाळा काढा आणि आख्खी वही वाचा. विषय ठरवून दिलेले होते म्हणून गाडी पटकन रुळावर येते, गुप्तधन, स्थानिक उपाय, पवित्र विहिरी, जमीनदार, जत्रा, लोणी काढणं, हवामानाच्या खुणा, घरी केलेली खेळणी. उपाय तर वाचाच. डांग्या खोकला झाला तर पांढऱ्या घोड्यावरून जाणाऱ्याला उपाय विचारायचा आणि तो जे सांगेल ते करायचं. ज्याने न्यूट नावाचा पाणसरडा चाटलाय त्याच्या जिभेला भाजलेलं बरं करायचा गुण येतो. लोणी घुसळताना कोणी घरात आलं तर त्याने रवीला हात लावलाच पाहिजे नाहीतर लोण्याची बरकत तो घेऊन जातो. आणि १ मेच्या सकाळी शेजाऱ्याला विस्तव, दूध, मीठ काही द्यायचं नाही, लोणी चोरणाऱ्या बाया त्याच दिवशी फिरतात.

काही पानं अजून टाईप झालेली नाहीत, नुसती स्कॅन आहेत. अकाउंट काढून तुम्ही स्वतः टाईप करू शकता, लोक करतातच. मुलांना बसवा, अक्षर वाचायला जमतं त्यांना आपल्यापेक्षा लवकर.

आता दार वाजवा

कोणाकडे जायचं? सगळ्यात म्हाताऱ्याकडेच असं नाही, तर ज्याचं घर त्याच जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या आहे त्याच्याकडे. दुसऱ्या काउंटीतून लग्न करून आलेली आजी पण उत्तम, तिला सासरच्या चालीरीती खटकल्या होत्या म्हणून बारकाव्यानिशी आठवतात. थेट जाण्यापेक्षा कोणीतरी ओळख करून दिलेली बरी, पोस्टमन, जीएए या खेळसंघटनेच्या क्लबवाले, शाळेच्या बाई, मार्टमध्ये म्हणजे जनावरांच्या बाजारात भेटणारा शेतकरी. आणि इथे काका-काकू, सर-मॅडम नाही चालत, पहिल्या नावानेच हाक मारायची, आपल्याला जिभेवर जड जातं पण सर म्हटलंत की समोरचा तुम्हाला बँकेतला समजतो.

वेळ बघून जा. फेब्रुवारी ते एप्रिल गाई-मेंढ्या व्यायचा सीझन, मेअखेर-जूनमध्ये सायलेज म्हणजे हिवाळ्यासाठी गवत कापून साठवणं, रविवारी हर्लिंगची, म्हणजे इथल्या काठी-चेंडूच्या खेळाची, मॅच असेल तर दाराशी फिरकूही नका. नोव्हेंबर-जानेवारीच्या संध्याकाळी बेस्ट, अंधार लवकरच पडतो आणि माणूस रेंजपाशी म्हणजे स्वयंपाकघरातल्या शेगडीपाशी बसलेला असतो. हातात काहीतरी न्या, घरी केलेलं असेल तर उत्तमच, नानकटाईला इथे फार मान आहे. चहा नको म्हणू नका, दुसराही घ्या, विषय बऱ्याचदा दुसऱ्या कपानंतरच निघतो.

आणि हे नक्की करा, जुना नकाशा ए-थ्री साईजमध्ये प्रिंट करून न्या, शेतांचे बांध स्पष्ट दिसतील असा, आणि एक पेन्सिल. टेबलावर पसरा आणि पेन्सिल त्यांच्या हातात द्या. मोबाईलवर दाखवलंत तर चष्मा शोधण्यातच संध्याकाळ जाते, कागदावर मात्र बोट आपोआप स्वतःच्या घरावर जातं आणि तिथून बांधाबांधाने सरकायला लागतं. प्रत्येक शेताला नाव असतं, आपल्याकडे विहिरीचं शेत, आंब्याचं शेत असतं ना तसंच, फोर्टचं शेत, चुनाभट्टीचं शेत, शाळेचं शेत, कोणा मेलेल्या माणसाच्या नावाचं शेत, आणि ही नावं कुठल्याही सरकारी नकाशावर नाहीत. मीथ काउंटीत लोकांनी गावोगाव फिरून अशी नावं गोळा केली आणि पुस्तक काढलं. तुम्ही एका टाउनलँडची केलीत तरी पुष्कळ. शाळेचं शेत म्हणालात पण इथे शाळा कुठे दिसतेय, एवढं विचारा आणि गप्प बसा. गप्प बसणं हे या कामातलं निम्मं काम आहे, आपल्या लोकांना हेच सगळ्यात अवघड.

पहिला प्रश्न म्हणून माझा आवडता, घरात लाईट कधी आली? गावाकडचं विद्युतीकरण १९४६ पासून सुरू झालं आणि कित्येक घरांत पन्नाशीच्या दशकात किंवा त्याही नंतर वीज पोचली. क्लेअरमध्ये तर शॅनन नदीवरचा आर्डनाक्रुशाचा मोठा वीज प्रकल्प १९२९ पासून चालू, आणि त्याच काउंटीतली घरं पुढे कित्येक वर्षं रॉकेलच्या दिव्यावर, हा विषय काढला की आवाज चढतोच. त्यातून मग आपोआप निघतं की लाईट नव्हती तेव्हा संध्याकाळी कोण कोणाच्या घरी जमायचं, प्रत्येक भागात असं एक घर असायचं जिथे पत्ते, गाणी, गोष्टी चालायच्या, रॅम्बलिंग हाऊस म्हणतात. ते घर कोणतं हे कळलं की गोष्टींचा पत्ता सापडला. बरेच जण हेही सांगतील की लाईट आली आणि परी लोक गेले, अंधारच राहिला नाही तर ते दिसणार कुठे.

तारखा आठवत नाहीत म्हणून खुंट्या ठेवा हाताशी. १९४७ च्या फेब्रुवारीतला मोठा बर्फ, १९६१ च्या सप्टेंबरचं डेबी वादळ, मळणीचं इंजिन यायचं तो दिवस. मळणीला सगळे शेजारी एकमेकांकडे राबायला जायचे, मेहल म्हणतात त्याला, आपली इर्जिक. बर्फाच्या आधी की नंतर, असं विचारलं की वर्ष सापडतं.

काय विचारायचं नाही किंवा निदान आपण होऊन काढायचं नाही तेही सांगते. कोणाची जमीन कोणाकडे कशी गेली हा विषय आगीसारखा. माझ्या भागात बोडाईकला १८८७ च्या जूनमध्ये जमीनदाराने कुळांना घराबाहेर काढलं, लोकांनी आतून उकळतं पाणी ओतून पोलिसांना झुंजवलं, हे सगळे अभिमानाने सांगतील, पण हकालपट्टी झालेल्या एखाद्या शेतावर नंतर कोण येऊन बसलं हे कोणी सांगणार नाही आणि विचारूही नये, त्यांचे पणतू शेजारी राहतात. १९२२-२३ चं सिव्हिल वॉर, म्हणजे आयरिश लोकांचं आपसातलं युद्ध, तसंच. आणि बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळांना चर्चच्या दफनभूमीत जागा नव्हती, त्यांना रात्री गुपचूप जुन्या फोर्टात किंवा हद्दीच्या कोपऱ्यात पुरायचे, नकाशावर ती जागा ठिपका म्हणून दिसते, पण समोरच्या आजीचं भावंडही तिथे असू शकतं. तिने काढला विषय तर ऐका, रेकॉर्डिंग बंद करू का विचारा.

गोष्टी कशा ऐकायच्या

मानता का, हा प्रश्न विचारूच नका. सगळे नाहीच म्हणतात. पण एकट्या हॉथॉर्नला, म्हणजे त्या पांढऱ्या फुलांच्या काटेरी झाडाला, करवत लावायला सांगा, कोणी पुढे येत नाही. क्लेअरमध्येच लाटूनला १९९९ मध्ये मोठा रस्ता असल्या एका झाडावरून जाणार होता, एडी लेनिहन या कथाकाराने पेपरात पत्र लिहून आवाज उठवला की मन्स्टर प्रांताचे परी कॉनॉट प्रांताच्या परींशी लढायला जाताना इथे जमतात, झाड तोडलंत तर रस्त्यावर अपघात होतील. झाड राहिलं, रस्ता बाजूने गेला. २००२ मध्ये कोणीतरी रात्री येऊन त्याच्या फांद्या कापल्या तरी ते पुन्हा फुटलं, आजही हायवेवरून दिसतं.

बऱ्याच गोष्टी तुम्हाला ओळखीच्या वाटतील. रात्री स्वतःच्याच शेतात वाट सापडत नाही, फाटक असतं तिथे नसतं, पहाटेपर्यंत गोल गोल फिरतो माणूस, स्ट्रे सॉडवर, म्हणजे वाट चुकवणाऱ्या गवताच्या ढेकळावर, पाय पडला म्हणतात. आपला चकवाच तो. इथला उतारा असा की अंगातला कोट काढून उलटा घालायचा. हे तुम्ही त्यांना सांगितलंत ना, की आमच्या कोकणात आजोबांना चकवा लागला होता, तर तुम्ही एका क्षणात पाहुणे राहत नाही. विहिरीभोवती उजवीकडून फेऱ्या घालतात, शेजारच्या झाडाला चिंध्या बांधतात, तिथेही आपल्याला समजावून सांगावं लागत नाही, फक्त हे सगळं आमच्याकडूनच आलंय असलं लेक्चर कृपा करून देऊ नका.

एकच गोष्ट दहा टाउनलँडमध्ये सापडेल. विहिरीत कोणी बाईने कपडे धुतले आणि विहीर रागावून रातोरात बांधापलीकडे गेली, ही तर आख्ख्या देशभर आहे. म्हणून ती खोटी म्हणून टाकून द्यायची नाही, कोणती विहीर, कोणता बांध, कोणाच्या घरची बाई, जुन्या विहिरीची ओली जागा दाखवतात का, हे लिहायचं. तेवढं तुमच्या टाउनलँडचं, बाकी सांगाडा सगळ्यांचा.

तारीख लावून बघा पण गोष्ट मोडायला नको. फीकल गावची बिडी अर्ली, १७९८ ते १८७४, जडीबुटी देणारी, निळ्या बाटलीत बघून पुढचं सांगणारी बाई, १८६५ मध्ये एनिसला जादूटोण्याच्या जुन्या कायद्याखाली तिला उभं केलं आणि पुरावा नाही म्हणून सोडलं. ती गेल्यावर बाटली किलबॅरनच्या तळ्यात टाकली म्हणतात. तर क्लेअरने १९१४ मध्ये हर्लिंगची ऑल-आयर्लंड स्पर्धा जिंकली आणि मग १९९५ पर्यंत हरतच राहिले, तर सगळे म्हणायचे बिडीचा शाप. आता हर्लिंगची जीएए संघटनाच मुळी १८८४ ची, बिडी जाऊन दहा वर्षं झालेली. हे सांगणाऱ्याच्या तोंडावर फेकायचं नाही. वहीत शाप एका ओळीत, तारीख दुसऱ्या ओळीत, दोन्ही ठेवा. लोकांनी ८१ वर्षांच्या हरण्याला कारण म्हणून हिलाच का पकडलं हे त्यातून जास्त कळतं.

शेतात जाताना

आयर्लंडमध्ये कुठेही शेतातून फिरायचा हक्क वगैरे नाही, फोर्ट बघायचा असला तरी मालकाला विचारूनच. विचारलं तर बहुतेक वेळा हो म्हणतात, वर बैल कुठल्या शेतात आहे तेही सांगतात. फाटक उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद ठेवायचं, कुत्रा घरी, पायात गमबूट. फोर्टावर काही उकरायचं नाही, दगड खिशात घालायचा नाही, मेटल डिटेक्टर तर गाडीतही नको, परवान्याशिवाय तो जुन्या वस्तू शोधायला वापरणं हा गुन्हा आहे. आणि 'डिच' ओलांडून ये म्हणाले तर खड्डा शोधू नका, इथे डिच म्हणजे झाडीचा उंच बांध.

रेकॉर्डिंग आणि नंतरचं

फोन पुरतो. फ्लाईट मोडवर टाका, टेबलावर रुमाल घालून त्यावर ठेवा, टिकटिकणारं घड्याळ आणि फ्रिजपासून लांब. सुरुवातीला तारीख, टाउनलँड आणि कोण बोलतंय हे तुम्हीच बोला, आणि रेकॉर्ड करू का, पुढे कोणाला ऐकवू का, हे आधी विचारून उत्तरही रेकॉर्डमध्येच ठेवा. वेकला, म्हणजे घरी मयत ठेवलेलं असतं तेव्हा जा जरूर, शेजारी म्हणून गेलंच पाहिजे, कोण कोणाचं काय लागतं ते तिथे जितकं कळतं तितकं कुठेच नाही, पण फोन खिशातच राहू दे.

घरी आलात की त्याच रात्री शेतांची नावं नकाशावर पेनने पक्की करा. रेकॉर्डिंगच्या दोन कॉपी वेगळ्या ठिकाणी, फाईलच्या नावात वर्ष, महिना, टाउनलँड. शब्द न्‌ शब्द लिहून काढायला वेळ लागतो पण करा, आणि त्यांची बोली सुधारून 'चांगलं इंग्रजी' करू नका. जिवंत माणसांची नावं, भांडणं, आजारपणं नेटवर जाणार नाहीत याची काळजी घ्या. काउंटी लायब्ररीच्या लोकल स्टडीजला कॉपी द्यायची असेल तर घरच्यांची लेखी परवानगी लागेल, ती आत्ताच घ्या, मुलं ऑस्ट्रेलियात आणि आजोबा नर्सिंग होममध्ये गेल्यावर सही कोणाची घेणार.

लिहून काढलेलं मोठ्या अक्षरात प्रिंट करून आधी त्यांनाच नेऊन द्या. ते वाचणार, बायकोला वाचून दाखवणार, ती म्हणणार हे असं नव्हतंच मुळी, ते फाटक खालच्या बाजूला होतं आणि तो माणूस याचा चुलता नाही मामा होता. तेव्हा वाद होतो, फोन येतात, पलीकडच्या टाउनलँडमधली बहीण बोलावली जाते. दुसऱ्या भेटीला म्हणून नुसतं प्रिंट घेऊन जाऊ नका, नकाशाची कोरी कॉपी आणि चार्ज केलेला फोन पण न्या.